फोन आईकडे आहे

कराड, गुरुवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. मंगळवारी रात्री तू फोन ठेवलास, त्यानंतर मी आणखी तीनदा लावला. मग आईने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला, तिच्या शालूच्या घडीत ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. म्हणून हा कागद. शेजारचा पिंट्या उद्या पहाटेच्या गाडीने पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतो.

तुझ्या स्कॅनच्या रिपोर्टचा मेसेज माझ्याच नंबरवर येणार. पहिल्या दिवशी तू खुर्चीत मान टाकून बसली होतीस, फॉर्म मी भरला होता. तू म्हणालीस, आला तरी उघडायचा नाही, शनिवारी चारला डॉक्टर सांगतील तेव्हाच. नाही उघडणार. मघाशी जेवताना कपाटातून टुंग झालं तर आम्ही दोघंही ताटावरून उठलो. आईला किल्ली कुलपात घालता येईना. गॅसच्या नंबराचा मेसेज निघाला. आमटी गार झाली ती झालीच.

"अण्णा, तुम्ही मला पेशंट करून ठेवलंय," असं तू म्हणालीस. लागलं. पण खोटं नव्हतं.

तर खोकल्याचं मी विचारणार नाही, असं ठरवूनच बसलोय. त्या रात्री बोलताना तू दोनदा खोकलीस, ते मी ऐकलं. एवढंच. पुढं.

स्टँडवर एकतीस वर्षं काढली मी. गाडी लागली नाही की माणसं खिडकीशी येणार, पाच पाच मिनिटांनी तेच विचारणार. आणि मी रजिस्टरातून मान वर न करता म्हणायचो, "विचारून गाडी लवकर येत नाही हो, बसा बाकावर." कितीजणांना म्हणालो असेन. त्यातला एखादा दवाखान्याला निघालेला असेल, एखादा मयताला. आता मी त्या खिडकीच्या बाहेर उभा आहे आणि आत तू आहेस. तू तरी मान वर करून बोलतेस.

तुला कुंभार्ली घाट आठवतो का? तू चौथीत होतीस, आईबरोबर आजोळाहून येत होतीस. चिपळूणची गाडी साडेआठला फलाटावर पाहिजे, ती दहा वाजले तरी नाही. पाऊस असा की समोरचा फलाट दिसत नव्हता. पाटणला फोन लावला, गाडी आली नाही. कोयनानगरला लावला, लाइन बंद. घाटात दरड आलीय एवढंच एका ट्रकवाल्याकडून कळलं. मी माइकवरून बाकीच्या गाड्या पुकारत होतो, आवाज चांगला लागत होता, आणि टेबलाखाली पाय थरथरत होते. अडीचला गाडी आली. तू कंडक्टरच्या खांद्यावर झोपलेली. खाली ठेवल्यावर डोळे उघडून म्हणालीस, "अण्णा, आम्ही घाटात भेळ खाल्ली." मला रागवावं का काय करावं ते कळेना.

हे का सांगत बसलो? त्या रात्रीही मी काही करू शकत नव्हतो, हे सांगायचं होतं बहुतेक.

तुझ्या त्या स्कॅनचं वेळापत्रक मला फार आवडलं होतं, मागच्या वेळी. सहा तास उपाशी, मग बोटातून साखर बघणार, मग ते किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन, मग तासभर पांघरूण घेऊन गप्प बसायचं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, म्हणजे स्नायूंनी साखर ओढून घ्यायला नको. आणि ते औषध ११० मिनिटांत निम्मं होतं म्हणे, पुढच्या ११० मिनिटांत त्याच्या निम्मं. तुला यायला उशीर झाला तर औषध काही थांबत नाही. मी म्हटलं, डेपोत अशी शिस्त कधी बघितली नाही. तू हसलीस. टोपी घालून हसलीस ते मला अजून दिसतं. या वेळी त्या खोलीत तू एकटी बसलीस. येऊ नका म्हणालीस म्हणून आलो नाही.

स्कॅनमध्ये गाठी किती उजळल्या ते सांगणारे, डॉक्टरांनी कागदावर काढलेले एक ते पाच आकडे माझ्या पाकिटात आहेत. यकृतापेक्षा जास्त उजळलं नाही की तीन किंवा त्याहून कमी, म्हणजे चांगलं. केमोच्या चौथ्या डोसनंतर दोन आला होता. मग फुप्फुसाला बाधणारं एक औषध बंदच केलं, त्यामुळं खोकला त्याचा नसणार. बाराव्या डोसनंतर स्कॅनसाठी सात आठवडे मुद्दाम थांबवलं, औषधाची सूजसुद्धा उजळते म्हणून. साध्या सर्दीनंही गाठी उजळतात असं ते म्हणाले होते. म्हणून म्हणतो, खोकला असेल तर शनिवारी आपणहून सांग. लपवू नकोस. मला नको सांगूस, त्यांना सांग.

आणि रात्री मोबाईलवर शोधत बसू नकोस. जेवण चुकवू नकोस. प्रश्न कागदावर लिहून ने, आत गेल्यावर काही सुचत नाही. एकटी जाऊ नकोस, त्या तुझ्या मैत्रिणीला घेऊन जा, कुणीतरी ऐकायला पाहिजे. रिक्षानेच जा, स्कूटी... बघ, सुरू झालो. नवव्या डोसाला स्वतः स्कूटी चालवत गेलेल्या मुलीला मी रस्ता सांगतोय. माफ कर. तुला आवडत नाही, तरी स्टँडवर सगळ्यांना ते सांगून झालंय. कँटीनवाला आता मी यायच्या आधीच दुसऱ्यांना सांगतो.

एक गोष्ट कधी बोललो नाही. त्या दिवाळीत तू दोन महिने खोकत होतीस. भाऊ म्हणाला होता, एक्स-रे काढून घे. मी म्हटलं, पुण्याची धूळ आहे, आलं-मध चाट, बरं वाटेल. तू चाटलंस. माझं ऐकतेस ना तू. पुढं तो एक्स-रे दिव्यासमोर धरल्यावर डॉक्टर बोलायचे थांबले, तेवढ्या वेळात मला त्या मधाच्या बाटलीचं झाकण दिसत होतं. लाल होतं. पंधरा दिवसांनी कमीजास्त काही झालं नसतं, असं तूच नंतर म्हणालीस. तू म्हणालीस म्हणून मानलं.

आई म्हणते, शनिवारी सव्वाचारला कपाट उघडते, फोन करायचा तर पोरीनं करावा, तुम्ही नाही. मी प्रीतिसंगमावर चक्कर मारून येणार होतो, पण मग घरीच थांबतो. तुला बोलावंसं वाटलं नाही तर नुसता मिस्ड कॉल दे.

तुझा,
अण्णा

ता. क. डब्यात आलेपाक ठेवलाय. तुला आवडतो म्हणून. खोकल्यासाठी नाही.