क्रुगरच्या ट्रिपसाठी दादा, तुमचे मनापासून आभार

दादा, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही, आणि दक्षिण आफ्रिकेत क्रुगर नॅशनल पार्कला जाणाऱ्या अजून कुणाला उपयोग होईल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

आमच्या घरात सरळ दोन पार्ट्या पडल्या होत्या. मुलांना सिंह दिसायलाच हवे होते, म्हणजे दक्षिणेकडचे स्कुकुझा, लोअर साबी हे राहायचे कॅम्प. मला आणि ह्यांना गर्दी नको होती, आम्ही उत्तरेकडच्या पुंडा मारिया-पाफुरीवर अडून बसलो होतो. पार्क उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर लांब, डांबरी रस्त्यावर स्पीड लिमिट ५० आणि कच्च्यावर ४०, त्यामुळे सकाळी इकडे दुपारी तिकडे हे जमण्यातलं नाहीच. म्हणून तुम्हाला विचारलं की दक्षिण की उत्तर, तर तुम्ही कुठलं भारी ते सांगितलंच नाहीत, आधी विचारलंत की बरोबर कोण कोण आहे आणि काय दिसलं नाही तर कोण हिरमुसेल.

मग समजावलंत की दक्षिणेत पाऊस जास्त, गवत चांगलं, साबी नदीला बारा महिने पाणी, म्हणून चरणारे प्राणी जास्त, त्यांच्यामागे सिंह आणि सिंहांमागे गाड्या. उत्तरेत मैलोनमैल मोपाने नावाची झाडं, सिंह कमी, पण हत्ती, जाडजूड बुंध्याचे बाओबाब वृक्ष, आणि लुवुवु नदीकाठी पक्षीच पक्षी. आणि वर म्हणालात, आधी गर्दीत जा, मग शांततेत. दादा, हा क्रम लाखमोलाचा होता!! साबीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत थांबून मुलांनी पोटभर सिंह बघितले, तेही पुढच्या गाड्या थांबलेल्या दिसल्या म्हणून, नाहीतर गवतात आम्हाला काही कळलं नसतं. सासूबाईंचंही तिथेच सोयीचं झालं, कारण पार्कमध्ये वाटेत गाडीतून उतरता येत नाही, बाथरूमला कॅम्प किंवा पिकनिक स्पॉटच गाठावा लागतो आणि दक्षिणेत ते जवळजवळ आहेत. तुमचं ऐकून गेट उघडताक्षणी निघायचो आणि डांबरी रस्ता भरला की कच्च्या रस्त्याला वळायचो, तेवढ्यानेही खूप फरक पडला.

उत्तरेत गेलो तेव्हा मुलांची घाई संपलेली होती. कितीतरी वेळ दुसरी गाडी दिसायची नाही आणि तीच मुलं म्हणायला लागली की आई इंजिन बंद कर ना, आवाज ऐकू दे. आधी उत्तरेला गेलो असतो तर दर पाच मिनिटांनी 'सिंह कुठे' चालू असतं, हे नक्की. प्रत्येक कॅम्पला पेट्रोल भरा, रेंजवर विसंबू नका, पाणी जास्त घ्या, गेट बंद व्हायच्या वेळेचा हिशोब आधीच करा, या तुमच्या सूचना इथेच खऱ्या कामाला आल्या.

शांत जागा म्हणजेच खरं जंगल असं मी धरून चालले होते, ते तुम्ही अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कचं उदाहरण देऊन खोडलंत. तिथली व्हॅली पार्कच्या जेमतेम १ टक्का, बहुतेक लोक तिथेच गर्दी करतात, पण योसेमिटी फॉल हा धबधबा आणि एल कॅपिटन हा उंच कडाही तिथेच आहेत, मग पहिल्यांदा जाणाऱ्याने ती का टाळावी? मला हे अगदी पटलं.

आता नणंद निघालीय क्रुगरला, लहान बाळ आणि सुट्टी थोडी, तिला मी फक्त दक्षिणेचंच बुकिंग करायला सांगितलंय. तुम्हालाही फोन करेल ती, तेवढा त्रास सहन करा दादा.