मामाची तिकिटं आणि तुमचं भिंग: काकूंना जाहीर पत्र

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. कुणाकुणाच्या घरी आजोबांनी, काकांनी जमवलेली टपाल तिकिटं कपाटावर पडून असतील, त्यांच्याही वाचनात हे यावं असं मनापासून वाटतं.

मामा गेला तेव्हा त्याच्या खडकीच्या घरात अल्बम, स्टॉकबुकं (तिकिटं न चिकटवता पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वह्या), बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणि बुटांच्या खोक्यात बांधलेली जुनी पाकिटं असा सगळा पसारा होता. त्याला मूलबाळ नाही, त्यामुळे तो माझ्याकडे आणि माझ्या मावसभावाकडे आला. नातेवाइकांत एकच चर्चा: यात लाखो रुपये असणार. दुसरीकडे एका विक्रेत्याने एकही अल्बम न उघडता सगळ्याची मिळून एक रक्कम सांगितली आणि "उद्यापर्यंत कळवा" म्हणाला. लाखांवर विश्वास ठेवावा की त्या रकमेवर, काहीच कळत नव्हतं. तेव्हा मामाच्या डायरीत तुमचा नंबर सापडला. जुन्या बाजारात रविवारी सकाळी तुमची आणि त्याची गाठ पडायची, हे आम्हाला तोवर माहीतही नव्हतं.

तुमच्या नारायण पेठेतल्या घरी मी पहिला अल्बम घेऊन आले, तर तुम्ही तो लगेच उघडला नाहीत. आधी विचारलंत, "विकायचंय, वाटणी करायचीय, की ठेवायचंय?" मग हात धुवून आलात, टेबलावर पांढरा कागद अंथरलात आणि चिमटा माझ्याच हातात दिलात. बोटांचा घाम डिंकाला लागतो, हे पहिलं शिक्षण. दुसरं असं की तिकीट आधी पालथं करायचं. समोरून सगळीच देखणी दिसतात. मागे डिंक शाबूत आहे का, हिंजची, म्हणजे अल्बमात लावायच्या डिंकाच्या कागदी चिकटपट्टीची, खूण आहे का, कागद कुठे पातळ झालाय का, हे बघितल्याशिवाय किमतीचं बोलायचं नाही.

डब्यांबद्दल तुम्ही स्पष्ट बोललात, त्याबद्दल विशेष आभार. अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन या आखाती अमिरातींची ती मोठमोठी चमकदार तिकिटं, वाघांची, चित्रांची, अंतराळवीरांची. आमच्या घरी सगळ्यांची मदार त्यांच्यावरच होती. तुम्ही एक उलटं केलंत: पुढे कोपऱ्यात शिक्का अगदी नीटनेटका आणि मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे ते कधी पत्रावर चिकटलंच नाही, संग्राहकांना विकायचं म्हणून छापतानाच शिक्का मारलेलं. "मुलांना द्यायला उत्तम," म्हणालात. मला वाईट वाटेल म्हणून शब्द फिरवले नाहीत, आणि मामाला नावंही ठेवली नाहीत.

कॅटलॉगचंही तसंच. मी इंटरनेटवरून आकडे उतरवून आणले होते. तुम्ही सांगितलंत की स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या ब्रिटिश कंपनीच्या कॅटलॉगातला आकडा म्हणजे दुकानदार उत्तम स्थितीतलं तिकीट ज्या भावाने विकेल तो, आपल्या हाती पडेल तो नव्हे. त्यातला सगळ्यांत लहान आकडा तर तिकिटाचा नसतोच, ते शोधून पाकिटात घालून देण्याच्या मेहनतीचा असतो. हे कळल्यावर माझी अर्धी वही बाद झाली आणि घरातली भांडणंही तिथेच मिटली.

पण मला आभार मानायचेत ते खरं तर दुसऱ्याच गोष्टीचे. मामाने ही मांडणी का केली, ते तुम्ही मला वाचायला शिकवलंत.

1949 च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट त्याने दोनदा लावलेलं होतं, शेजारी शेजारी. मला दोन्ही सारखीच वाटली. तुम्ही भिंग दिलंत आणि गप्प बसलात. मग दिसलं: एकात पसरलेला हात डावा, दुसऱ्यात उजवा. पहिल्या छपाईत चित्र उलटं आलं होतं, 1950 मध्ये ते सुलटं करून पुन्हा काढलं. भारताच्या नकाशाच्या नव्या पैशांच्या तिकिटांचंही तेच. एकच नकाशा, एकच रंग आणि त्याने दोन वेगळ्या पानांवर लावलेली. तुम्ही काळ्या बशीत पालथी ठेवून दिव्याखाली तिरपी केलीत. 1957 च्या कागदात चांदण्यांचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली पुसट खूण, 1958 पासूनच्या कागदात अशोकस्तंभाचे सिंह. संध्याकाळी कारखान्यातून दमून आलेला माणूस दिव्याखाली हे बघत बसायचा. आम्ही त्याला "जेवायला ये रे" म्हणून हाका मारायचो.

आणि ते गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट! 15 ऑगस्ट 1948 ची ती मालिका, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापलेली, 'बापू' हे नाव हिंदीत आणि उर्दूत असलेली. दहा रुपयांचं चांगल्या स्थितीतलं तिकीट आज महाग जातं, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. तुम्ही ते बघितलंत आणि काहीच बोलला नाहीत. मामाचंच बारा आण्यांचं तिकीट त्याच्या शेजारी ठेवलंत आणि भिंग मला दिलंत. बारा आण्यांवर बापूंच्या गालावरची छटा एकसंध उतरत गेलेली. दहा रुपयांवर मात्र ठिपके सुटे सुटे, लहानमोठे, कडेला रंग थोडा सरकलेला. एकाच छापखान्याची, एकाच पद्धतीची छपाई असताना हा फरक पडायला नको. म्हणजे दहा रुपयांचं नकली. माझा चेहरा पडला असणार, कारण तेवढ्यात तुम्ही त्याची बटर पेपरची पिशवी उचलून उजेडात धरलीत. पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "तुलनेसाठी". सेटमध्ये मामाने ते लावलंच नव्हतं, अल्बमच्या शेवटी वेगळं ठेवलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं! हे सांगताना तुमचाच चेहरा किती खुलला होता, काकू.

बुटांच्या खोक्याकडे तर कुणाचं लक्षच नव्हतं. भाऊ म्हणाला होता, पाण्यात भिजवून तिकिटं सोडवू आणि पाकिटं रद्दीत घालू. तुम्ही दोन्ही हात खोक्यावर ठेवलेत. पाकिटावर तिकीट, शिक्का, तारीख, पत्ता सगळं एकत्र असतं. तिकीट सोडवलं की ते हजारांतलं एक उरतं. मग एकेक काढून दाखवलंत. 1971 मधलं, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठीचं पाच पैशांचं तिकीट: कुटुंबनियोजनाच्याच तिकिटावर शहरोशहरी हाताने तसा ठसा मारलेलं. सुटं असेल तर खरं-खोटं ठरवणं अवघड, कारण नकली ठसे भरपूर निघाले, पण पाकिटावर, त्या वेळच्या शिक्क्यासह असेल तर भरवसा बसतो. महर्षी कर्व्यांचं 1958 चं तिकीट पुण्याच्या शिक्क्यानिशी. हयात असताना टपाल तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय, आणि ते आपल्या हिंगण्याचे.

त्यातच नागपूरहून मावशीआजीने शनिवार पेठेच्या पत्त्यावर पाठवलेलं एक पाकीट निघालं. तिकीट अगदी नेहमीचं, नकाशाचं. शिक्का जुलै 1961 चा. 12 जुलैला पानशेत फुटल्याची बातमी वाचून तिने लिहिलं होतं, "सगळे सुखरूप असाल तर एका ओळीचं कार्ड टाका, जिवाला घोर लागला आहे." तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "याला कुणी भाव विचारला, तरी सांगू नकोस." ते आता माझ्याकडे आहे. भावाने एका शब्दाने हरकत घेतली नाही.

बाकी सांगायचं तर वाटणी झाली. तुम्ही सुचवलेल्या काही वस्तू लिलावात गेल्या आणि त्या विक्रेत्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे आले. तुम्ही त्यातला एक रुपया घेतला नाहीत. घेतलीत ती डब्यांतली वाघांची आणि अंतराळवीरांची तिकिटं, शनिवारी तुमच्याकडे येणाऱ्या वाड्यातल्या मुलांसाठी. पुण्याच्या पावसाळ्यात डिंक ओला होऊन पानाला चिकटतो, म्हणून अल्बम आडवे न रचता उभे ठेवलेत. कसर लागू नये म्हणून दर महिन्याला उघडून बघते. तांबूस डागांची ती दोन पानं तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेगळी काढलीत.

आता ग्वाल्हेर संस्थानचं स्टॉकबुक राहिलंय. तिथल्या ओव्हरप्रिंटांत, म्हणजे ब्रिटिश भारताच्या तिकिटांवर वरून छापलेल्या संस्थानच्या नावात, नागरी ओळ काहींवर आखूड तर काहींवर लांब असते, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. मामाने तीही दोन गटांत लावलेली दिसताहेत, पण मिलिमीटरचा फरक माझ्या डोळ्यांना अजून पटत नाही. येत्या रविवारी जेवणानंतर येते. मोजपट्टी आणते, भिंग तुमचंच लागेल.

आपली,
खडकीच्या मामाची भाची
कोथरूड, पुणे