कागद सरकारकडे, हेलपाटे जखमी जवानाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

25 नोव्हेंबरला आमच्या गावच्या शाळेत मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या फोटोला हार घालतात. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे हे अधिकारी 1987 साली याच दिवशी श्रीलंकेत लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हार घालायला दरवर्षी माझ्या थोरल्या भावाला बोलावतात, कारण दादाही श्रीलंकेत गेलेल्या त्याच भारतीय शांतिसेनेत होते. जाफन्याजवळ त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला. डाव्या पायात लोखंडाचे तुकडे अजून आहेत.

श्रीलंकेतल्या त्या यादवीत आपले सैन्य शांतता राखायला गेले होते. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे 1200 जवान गेले होते आणि जखमी त्याहून कितीतरी अधिक.

दादांना सैन्याने घरी पाठवले नाही, हलके काम देऊन ठेवले. 1998 मध्ये मुदत भरून ते निवृत्त झाले. मेडिकल बोर्डाने अपंगत्व 30 टक्के लिहिले, पेन्शन तेवढ्यावरच बसली. जखमेमुळे ज्याला सेवेतून काढले, त्याचे 50 पेक्षा कमी टक्के 50 धरले जात. मुदत भरलेल्याला ही सवलत नव्हती. म्हणजे त्याच पायावर आणखी दहा वर्षे चाकरी केली, म्हणून पेन्शन कमी! सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात हा भेद मोडून काढला.

दादांना हे कळले चार वर्षांनी, एका लग्नात, जुन्या सोबत्याकडून. आमच्या घरी कोणाचे पत्र आले नाही. अर्ज केला तर उत्तर आले, बोर्डाचे कागद जोडा. ते कागद बोर्डाने लिहिले, शिक्के मारून सरकारनेच ठेवून घेतले. दुसऱ्या अर्जाला उत्तर, नोंद सापडत नाही. आता वकील म्हणतात, मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणात जा. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने तो पाय घेऊन साताऱ्याहून तारखांना जायचे, आणि जिंकल्यावरही थकबाकी बहुतेकदा अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. उशीर कचेरीचा, भुर्दंड जखमीला.

माझी मागणी साधी आहे. शांतिसेनेतल्या जखमींच्या नोंदी सरकारने स्वतः काढाव्यात आणि अर्जाची वाट न पाहता पेन्शन दुरुस्त करून फरकासह द्यावी. कागद सापडत नसेल तर माणूस तपासावा. एक्स-रे काढला की दादांच्या पायातले तुकडे आजही दिसतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी त्यासाठी तालुक्याच्या गावी शिबिरे घ्यावीत, आणि ती याच वर्षी घ्यावीत. त्या गाडीतून जखमी होऊन परतलेल्या चौघांपैकी आता दोघेच उरले आहेत.

आपला,
एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा