कॅप्सूल, बैठका आणि तुझे कान

बडोदे,
१४ डिसेंबर

प्रिय शालू,

तू पाठवलेल्या त्या ‘वय मागे नेणाऱ्या’ कॅप्सूलबद्दल फोनवर सांगायला घेतलं, तर निम्मं तुला ऐकू गेलं नाही आणि उरलेलं तू ऐकून घेतलं नाहीस. म्हणून आता सविस्तर लिहितेच. महिन्याला चार हजार? अगं, तेवढ्यात आमच्या घरचं महिन्याचं दूध येतं.

जाहिरातीत शास्त्राचा आधार आहे असं तू म्हणतेस. आहे, पण तो कुणाच्या आयुष्याचा, ते बघ. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मॅकके यांनी उंदरांना पोषण पुरेसं, पण उष्मांक कमी असं खाऊ घातलं, आणि ते उंदीर जास्त जगले. १९९३ साली सिंथिया केनियन यांनी दाखवलं की एका सूत्रकृमीतलं एकच जनुक बदललं तर त्याचं आयुष्य दुप्पट होतं. जन्मभर जीवशास्त्र शिकवलं मी, असल्या गोष्टी वाचून आजही अंगावर काटा येतो. पण तो कृमी मुळात जगतो दोन-तीन आठवडे!

तुझ्या कॅप्सूलमधलं रेस्व्हेराट्रॉल म्हणजे द्राक्षाच्या सालीत असणारं द्रव्य. त्याच्या जोरावर उभी राहिलेली एक कंपनी २००८ मध्ये एका बड्या औषध कंपनीने ७२ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिला कुलूप लावलं. साधा आहार घेणाऱ्या उंदरांवर काटेकोर प्रयोग झाले, त्यांत त्याने आयुष्य काही वाढलं नाही. रॅपामायसिनचं मात्र खरं आहे. ईस्टर बेटाच्या मातीतून मिळालेलं ते औषध म्हाताऱ्या उंदरांना दिलं, तरी ते जास्त जगले; हा निष्कर्ष २००९ चा. पण ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात, प्रतिकारशक्ती दाबायला. ते काय आपण कमाटीबागेत फिरताना चघळायचंय?

आता मला जे सांगायचंय ते. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. हलकंफुलकं नव्हे बरं का, जेवढं जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. एकाने मध्येच सोडलं. बाकीच्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी हातातली काठी सोडली. हा निबंध १९९० मध्ये छापून आला. दहाच माणसं, म्हणून कुणी नाक मुरडेल. १९९४ मध्ये त्याच लोकांनी शंभर जणांवर मोठी चाचणी केली आणि तिथेही ताकद दुपटीच्या वर गेली, चालण्याचा वेगही वाढला. नव्वदीच्या आसपास!

आईचं तुला आठवतं. शेवटची तीन-चार वर्षं ती हाताचा आधार घेतल्याशिवाय उठायची नाही. आम्ही म्हणायचो, वय झालं. मग ओट्यावरून उतरताना पडली, खुबा मोडला आणि पुढे जे झालं ते झालं. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं होतं, गुडघ्याचं तेल दिलं होतं. पायांत ताकद आणा असं एकानेही कधी म्हटलं नाही. मला त्याचा अजून राग येतो. आणि हे कुठे, तर जुम्मादादांच्या आखाड्याच्या आणि व्यायामगुरू माणिकरावांच्या गावात! नाना सत्तरीतही पहाटे बैठका मारायचे आणि आपण दोघी जिन्यात बसून हसायचो. तेव्हा बायकांनी मात्र घरकाम म्हणजेच व्यायाम असं समजायचं. तो व्यायाम नव्हे गं, नुसती दमणूक.

तर तू हे कर. पाठ टेकायची साधी खुर्ची भिंतीला लाव. हात छातीवर आडवे घे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते सूनबाईंना मोजायला सांग. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बायकांना दहापेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका जास्त, असं अमेरिकेतले आरोग्यवाले मानतात. आकडे तिकडचे आहेत, पण खुर्ची सगळीकडे सारखीच. कमी आलं तर घाबरू नकोस, तेच उठणं-बसणं एक दिवसाआड कर, थोडं थोडं वाढवत. गुडघे फार बोलत असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखव.

आणि रात्री नुसती मऊ खिचडी खाऊन झोपू नकोस. साठीनंतर स्नायू टिकवायला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं लागतात असं आता तज्ज्ञ सांगतात. तुझं वजन पंचावन्न धर, तर झाले पंचावन्न ग्रॅम. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅमच येतात. दही, पनीर, मटकी, अंडं चालत असेल तर अंडं. (मूत्रपिंडाचं काही असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.) आमचे हे शेवउसळ त्याच सदरात घालतात. तर्रीवर हात आखडता घेणार असतील तर माझी हरकत नाही.

भाऊजी मनानेच रोज अ‍ॅस्पिरिन घेतात म्हणालीस. हृदयविकार झालेला नसताना? २०१८ मध्ये १९,००० हून जास्त निरोगी वृद्धांवरच्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीचे निष्कर्ष आले. फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर अजिबात बंद करू नका, पण मनाने नको.

आता कान. चिडू नकोस. भिशीत तू हल्ली गप्प बसतेस असं नलूने सांगितलं. स्मृतिभ्रंशाची जी कारणं टाळता येण्याजोगी आहेत, त्यांत मध्यम वयापासूनचं ऐकू न येणं हे मोठ्या कारणांपैकी एक. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने अशी १४ कारणं मोजली आणि ती सगळी हटवली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबेल असा अंदाज दिला. श्रवणयंत्राने बुद्धी शाबूत राहतेच असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत सत्तरीपुढच्या ९७७ जणांवर तीन वर्षांची चाचणी झाली, त्यात सगळे मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्के मंदावली. तुला मधुमेह आहे, रक्तदाब आहे. तू कुठल्या गटात बसशील ते तूच ठरव. आणि समजा बुद्धीला काही फायदा नाही झाला, तरी नलूच्या चहाड्या तरी नीट ऐकू येतील की नाही?

आपल्याकडेही मोजमापं होताहेत आता. ‘लासी’ नावाच्या पाहणीत देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२,००० हून जास्त लोकांना घरी जाऊन तपासलं, हाताच्या पकडीची ताकद आणि चालायचा वेगसुद्धा मोजला. त्याच्याच एका भागातून साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज निघाला. आपल्या वर्गातल्या किती जणी होतील, हिशेब मी केला होता. सांगत नाही.

फेब्रुवारीत बंटीच्या मुंजीला येशीलच, तोवर उंधियूचा मोसमही संपला नसेल. त्याआधी कानांची तपासणी (ऑडिओमेट्री) करून घे, आणि तो कागद सोबत आण, मला बघायचाय. कॅप्सूलची ऑर्डर दिली असशील तर रद्द होते का ते नातवाला विचार.

तुझी,
विजू