नवव्या पायरीवरून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे आणि न उचललेले चार-पाच फोन, या सगळ्यांचे उत्तर एकदमच देतो आहे. ‘रागावला आहेस का?’ असे तू दुसऱ्या पत्रात विचारलेस, ते वाचून ओशाळलो. बायपास होऊन आज ११ आठवडे झाले आणि त्यांतले पहिले सहा-सात आठवडे मी घरातल्या माणसांशीही धड बोललेलो नाही. फोनवर तुझे नाव दिसायचे, बोलावेसेही वाटायचे; पण ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ म्हणण्याचा कंटाळा यायचा आणि ‘बरा नाही’ म्हणायला तोंड नव्हते, कारण कागदोपत्री मी बराच होतो. जखम कोरडी होती, रक्तदाब ताब्यात होता, ताप नव्हता. तक्रार करायची तर कशाची?

आधी शरीराचे सांगतो, ते सांगायला सोपे आहे. छातीचे मधले हाड उभे कापून शस्त्रक्रियेनंतर पोलादी तारांनी पुन्हा बांधतात. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरते बळकट व्हायला त्याहून अधिक. तोवर चार-साडेचार किलोंपेक्षा जड काही उचलायचे नाही, जड दार ढकलायचे नाही, हातांवर भार देऊन पलंगावरून उठायचे नाही. उठायचे कसे, तर उशी छातीशी धरून कुशीवर वळायचे, दोन्ही पाय कडेवरून खाली सोडायचे आणि पायांच्या वजनाने धड वर येऊ द्यायचे. खोकला आला तर तीच उशी घट्ट आवळायची. शिंक येते आहे असे वाटले तरी माझा जीव घाबरा व्हायचा. हृदयाला जोडण्यासाठी ज्या पायातून शीर काढली तो संध्याकाळपर्यंत सुजायचा आणि छातीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा अजूनही बधिर आहे, कारण तिथल्या आतल्या भिंतीवरची रक्तवाहिनी हृदयाकडे वळवलेली आहे. श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचे एक खेळण्यासारखे यंत्र देतात. पहिली गोळी वर जायची, दुसरी कशीबशी जायची आणि तिसरी तळाशी बसून राहायची. माझ्या वयाच्या माणसाने प्लॅस्टिकच्या गोळीवर चिडावे, याचे मला त्या वेळी जराही हसू आले नाही.

हे सगळे सोसता येते. मला सोसले नाही ते वेगळेच, आणि ते एका प्रसंगाने सांगतो. घरी आल्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात मी एकट्याने जिना चढायचे ठरवले. नवव्या पायरीवर धाप लागली. तेवढ्यात वरून कोणी उतरत असल्याची चाहूल लागली आणि मी झटकन खिशातून फोन काढून कानाला लावला, ‘हो, हो, पाठवतो’ असे बंद फोनवर बोललो. ती व्यक्ती हसून निघून गेली. मी मात्र कठड्याला धरून उभा राहिलो आणि मला रडू कोसळले. धाप दोन मिनिटांत ओसरली, रडू ओसरायला बराच वेळ लागला. दमलो आहे एवढी साधी गोष्ट मला लपवावीशी का वाटली, हे तेव्हा कळले नाही.

त्यानंतरचे दिवस मी तुला नीट सांगू शकेन असे वाटत नाही. पहाटे साडेतीन-चारला जाग यायची ती यायचीच. सकाळ सर्वांत वाईट जायची. वर्तमानपत्र हातात धरून तीच ओळ पुन:पुन्हा वाचत बसायचो. घरचे हसून बोलले तर राग यायचा, हळू आवाजात बोलले तर अधिकच राग यायचा. त्यात टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालात ‘पंपिंग ४५ टक्के’ असे वाचले आणि शाळेतल्या मार्कांची सवय असल्यामुळे मी मनाशी हिशेब केला की हृदय निम्म्याहून अधिक गेले. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही, ५० ते ७० टक्के हेच चांगले समजतात, त्यामुळे ४५ म्हणजे थोडी घट, हे मला तीन आठवड्यांनी कळले. ते तीन आठवडे मी शंभरातून ४५ हाच आकडा उराशी घेऊन झोपत होतो. घरी सोडताना दिलेल्या कागदावर आंघोळ, टाके, पथ्य, गोळ्यांच्या वेळा असे सारे बारकाईने लिहिले होते. मन खचू शकते याविषयी मात्र त्यावर एक ओळही नव्हती. माझा राग कोणावर असेल तर त्या कोऱ्या जागेवर आहे.

तपासणीच्या वेळी फिजिओथेरपिस्टने सहज विचारले, ‘चालता का?’ मी म्हणालो, ‘चालून काय करायचे?’ तिने पुढे काही न बोलता डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनी माझ्यासमोर नऊ प्रश्नांचा एक कागद ठेवला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक किती दिवस वाटले, अशा धर्तीचे ते प्रश्न असतात आणि एकूण गुण ० ते २७ यांच्या दरम्यान येतात. १० किंवा त्याहून अधिक आले तर डॉक्टर पुढे नीट चौकशी करतात; माझे १५ आले. मी लगेच वकिली सुरू केली की झोप, भूक आणि थकवा यांचे गुण तर शस्त्रक्रियेमुळेच आले आहेत. डॉक्टर म्हणाले, तेही खरे असेल, ते सोडून देऊ. पण कशातच रस वाटत नाही आणि पुढे काही चांगले होईल असे वाटत नाही, या दोन उत्तरांचे काय? मी गप्प राहिलो. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता. जीव द्यावा असे कधी वाटले नव्हते, पण सकाळी जाग आलीच नाही तर बरे, असे दोन-तीनदा मनात आले होते. ते मी त्यांना सांगितले. ते वाक्य उच्चारणे जिना चढण्याहून अवघड गेले, आणि बायकोने ते माझ्या शेजारी बसून ऐकले.

हृदयविकाराचा झटका आलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला असे गंभीर नैराश्य येते, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्येच ते पुढच्या धोक्याच्या कारणांत धरावे अशी शिफारस केली होती. ते धोक्याचे का, याचे मला सर्वांत पटलेले कारण साधे आहे: खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, आणि छातीत दुखले तरी ‘जाऊ दे’ म्हणतो. मी नेमके तेच करत होतो. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या हृदयाच्या लयीला त्रासदायक ठरू शकतात, म्हणून मला सर्ट्रालिन ही नैराश्यावरचीच दुसरी गोळी लिहून दिली आणि आठवड्यातून एकदा समुपदेशन सुरू झाले. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागले. तिची मला लाज वाटत होती. रक्तदाबाच्या गोळीची कधी वाटली नव्हती, हे समुपदेशिकेने दाखवून दिले तेव्हा निरुत्तर झालो.

तिच्याशी बोलताना एक गोष्ट हळूहळू उलगडली. शरीराच्या प्रत्येक बंधनाला डॉक्टरांनी मुदत दिली होती. इतके आठवडे वजन नाही, इतके आठवडे गाडी नाही. माझ्या खचलेल्या मनाने त्या मुदती पुसल्या आणि बंधने तेवढी ठेवली. मला जिन्यावर जे रडू आले ते नवव्या पायरीचे नव्हते, यापुढे कायम नववीच पायरी असणार असे धरून चालल्याचे होते.

म्हणून आता वहीत फक्त गेल्या आठवड्याशी तुलना लिहितो, शस्त्रक्रियेपूर्वीच्या माझ्याशी नाही. रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या देखरेखीखालच्या व्यायामात, श्रम मोजण्यासाठी बोर्ग यांची पट्टी वापरतात. ती ६ पासून सुरू होऊन २० वर संपते, कारण त्या आकड्याची दहापट केली की निरोगी माणसाच्या नाडीचा ढोबळ अंदाज यावा अशी ती बेतलेली आहे. मी बीटा ब्लॉकर ही नाडी मंद ठेवणारी गोळी घेत असल्यामुळे नाडी फारशी चढत नाही आणि मनगटावरचे घड्याळ उपयोगाचे नाही. स्वतःलाच विचारावे लागते की श्रम किती वाटले. ११ ते १३ मध्ये राहायचे, म्हणजे चालता चालता सलग बोलता आले पाहिजे. स्वतःला खरे उत्तर द्यायची सवय मला या पट्टीने लावली, हे जरा विचित्रच आहे.

दिवसभर बसून काढाव्या लागणाऱ्या खुर्चीवरचा माझा रागही गेला. पूर्वी हृदयविकाराच्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ मध्ये लेव्हिन आणि लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तेव्हा ते अनेकांना धाडस वाटले होते. खिडकीपाशी ज्या खुर्चीला मी महिनाभर शिव्या घातल्या, ती एके काळी बंडखोरी होती म्हणायची. हे पत्र तिच्यातच बसून लिहितो आहे, दोन बैठकांत, मध्ये एक डुलकी काढून.

वाईट दिवस अजून येतात. परवा नातवाने ‘उचल’ म्हणून हात वर केले आणि मी खाली बसून त्याला जवळ घेतले. त्याचे समाधान झाले, माझे पुरते झाले नाही. मात्र त्या संध्याकाळी मी ते बायकोला सांगितले, गप्प बसलो नाही. जिना आता मधल्या वळणावर एकदा थांबून पुरा होतो. कोणी भेटले तर ‘दम खातो आहे’ असे सांगतो.

रविवारी सकाळी फोन कर. नऊपर्यंत मी चालून परतलेला असतो. ‘कसा आहेस?’ असे विचारलेस तर त्या दिवशी जे असेल तेच सांगेन. फक्त रिंग जरा जास्त वेळ वाजू दे, मी अजूनही कुशीवर वळूनच उठतो.

तुझाच,
जुना मित्र