पालीच्या काकांना, त्या रात्रीच्या फोनबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा घ्या आधी" म्हणून विषय उडवता. म्हणून लिहितोय.

बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी जुन्या गोठ्यात नऊ पावसाळे उभी होती. इंजिन लागलं, पत्रा झाला, रंग झाला. पण ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची, आणि पाय काढला तरी पुढचं डावं चाक सुटायचं नाही. ड्रमला हात लावावा तर चटका. तुमच्याआधी दोन गॅरेजं झाली. एकाने ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला, दुसऱ्याने व्हील सिलिंडर आणि लायनर. दुखणं परत आल्यावर पहिल्याने फोन उचलणं सोडलं. दुसरा म्हणाला, "किलोवर घाला आता." बाबा शेजारीच उभे होते.

तुम्हीही ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढलीत, चक्कर मारलीत; गार असताना चाक मोकळं फिरत होतं. पैसे देऊन आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला साखरपुडा होता. जाताना आंबा घाट चढायचा, येताना तोच उतरायचा.

रात्री साडेनऊला तुमचा फोन आला. "उद्या गाडी भायेर काढू नका. माझ्या हातून होज पाइप बघायचा ऱ्हायलाय." म्हणजे ब्रेकचं ऑइल चाकाकडे नेणारी रबरी नळी.

माझ्या हातून! सात महिन्यांत हे कोणी म्हटलं नव्हतं. तोवर चुकत होती ती फक्त गाडी, नाहीतर आम्ही. तुम्ही गप्प बसला असतात तर मला काय कळणार होतं? जेवताना दुसऱ्याच्या गाडीचं चाक डोक्यात फिरत असणारी माणसं अजून आहेत, हे कळायलाही मला चाळिशी गाठावी लागली.

सकाळी पहिल्या एसटीने तुम्ही हजर. पाइप काढून ब्लेडने उभा चिरलात. बाहेरून धडधाकट, आत रबर फुगून सुईएवढं भोक. पाय दाबला की ऑइल जोराने पुढे घुसतं, पाय काढला की त्याला मागे यायला वाट नाही. त्यात जुनं ऑइल हवेतलं पाणी प्यायलेलं. उतारावर तापून उकळलं असतं तर पेडल थेट तळाला. हे सगळं तुम्ही मला नाही, बाबांना समजावलंत. गाडी कोणाची हे ओळखून होतात.

पैसे घेतलेत ते पाइपचे आणि ऑइलचे. मजुरी "कालच दिलीत की".

साखरपुड्याला आम्ही एसटीनेच गेलो. पुढच्या रविवारी मात्र बाबांनी स्वतः गाडी घाट चढवून-उतरवून आणली. चिरलेला पाइप त्यांनी डॅशबोर्डवर ठेवलाय. आई रोज फेकून द्यायला निघते.

आमचे फणस धरलेत. पहिला तुमचा. कापा आणू की बरका, तेवढं फोन करून सांगा.