तक्रार : जागेवर न जाताच भरलेला साइट ऑडिट रिपोर्ट

प्रति,
ऑपरेशन्स हेड,

नमस्कार,

आमच्या कमर्शियल बिल्डिंगच्या ओनर्स असोसिएशनतर्फे हे लिहितोय, मेंटेनन्सचं मी बघतो. हाउसकीपिंग, पंप, जनरेटर, फायर सगळंच तुमच्याकडे आहे आणि दर महिन्याला तुमचा ऑडिट रिपोर्ट येतो, रंगीत, ग्राफबिफ टाकलेला, स्कोअर कायम 90 च्या वर. यावेळी आम्ही दोघं तिघं तोच रिपोर्ट हातात घेऊन बेसमेंटपासून गच्चीपर्यंत फिरलो, आणि रिपोर्टमधली बिल्डिंग वेगळी आणि आम्ही ज्यात बसतो ती वेगळी असंच वाटलं.

रिपोर्टमधे लिहिलंय सगळ्या फायर एक्स्टिंग्विशरचा गेज बघितला, काटा हिरव्यात. पावडरवाल्यांचं ठीक आहे, पण इलेक्ट्रिक रूममधे आणि लिफ्टच्या मशीन रूममधे सीओटूचे सिलिंडर आहेत, त्यांना गेज नसतोच हो. ते वजन करून बघायचे असतात, सिलिंडरवर वजन लिहिलेलं असतं त्याच्याशी ताडून बघायचं आणि आतला गॅस 10 टक्क्यांपेक्षा जास्त कमी झाला असेल तर रिफिलला पाठवायचा. मग जो गेजच नाहीये त्याचा काटा तुमच्या माणसाला हिरव्यात दिसला कसा? या एका ओळीवरूनच कळतं की तिथे कोणी गेलेलंच नाही, सरसकट टिक मारत खाली आलेत.

फायर पंपचं तर विचारूच नका. रिपोर्टमधे 'ऑटो मोड, ओके' आणि पॅनलवर सिलेक्टर स्विच मॅन्युअलला. टेक्निशियनला विचारलं तर म्हणे जॉकी पंप (लाइनचं प्रेशर टिकवून ठेवणारा छोटा पंप) सतत चालू बंद व्हायचा, आवाज यायचा, म्हणून सगळंच मॅन्युअलला टाकलं. अहो जॉकी सतत चालू होतोय म्हणजे लाइनचं प्रेशर कुठेतरी पडतंय ना, कुठला जॉइंट गळत असेल, नॉन रिटर्न व्हॉल्व्हमधून पाणी मागे जात असेल, नाहीतर प्रेशर स्विचचं सेटिंग हललं असेल, ते शोधायचं सोडून तुम्ही मेन पंपसुद्धा ऑटोवरून काढून ठेवला. वरच्या मजल्यावर कोणी हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडला तर पाइपात जेवढं असेल तेवढं पाणी येणार आणि मग कोणीतरी बेसमेंटला पळत जाऊन बटण दाबेपर्यंत वाट बघायची. आम्ही तिथेच उभं राहून स्विच ऑटोवर करून घेतला, पण प्रेशर कुठून जातंय ते अजून कोणी बघितलेलं नाही.

जनरेटरची दर आठवड्याला टेस्ट रन घेतली असं लिहिता, पण अवर मीटरचं (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग मागच्या रिपोर्टमधे होतं तेच आत्ताही आहे, म्हणजे मशीन सुरूच झालं नाही किंवा आकडा कॉपी पेस्ट झालाय, दोन्हीपैकी काय ते तुम्हीच सांगा. आणि खरंच घ्याल तेव्हा लोडवर घ्या, नुसतं रिकामं घुरघुरवून डिझेल इंजिन कार्बन धरतं. इलेक्ट्रिक पॅनलची थर्मोग्राफी (कुठे गरम होतंय ते दाखवणारे फोटो) तर तुम्ही सुट्टीच्या दिवशी केलीत, सगळी ऑफिसं बंद, एसी बंद, लोडच नाही तर लूज कनेक्शन गरम होणार कुठून, फोटोत सगळं निळंच दिसणार. कॉरिडॉरला रंग लावताना स्मोक डिटेक्टरवर घातलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या अजून तशाच आहेत, रिपोर्टमधे 'टेस्टेड'. वरच्या टाकीच्या झाकणाचा फोटो मागच्या रिपोर्टमधलाच परत, बाजूला पडलेल्या झाडूसकट. गच्चीची किल्ली सिक्युरिटीच्या रजिस्टरमधे सही करून न्यावी लागते आणि त्या तारखेला कोणाचीच सही नाही.

हे सगळं तुमच्या अकाउंट मॅनेजरना मेल केलं तर उत्तर आलं 'पॉइंट्स नोटेड अँड क्लोज्ड'. काय क्लोज केलं, कोणी केलं, आफ्टर फोटो कुठेय, काही नाही.

आता कृपा करून त्या सुपरवायझर पोराला काढून प्रकरण मिटवू नका, तो एकटा चुकलाय असं मला वाटत नाही. जो काम करून घेतो तोच तपासतो आणि तोच सही करतो, मग स्वतःच्याच कामाला नापास कोण करेल. त्यात तुमचं ते अ‍ॅप कुठूनही फॉर्म सबमिट करू देतं, गॅलरीतला जुना फोटोही घेतं. आणि स्कोअरचं गणित तर कमाल आहे, लॉबीतल्या कुंडीवर धूळ नाही याला एक मार्क आणि फायर पंप ऑटोवर आहे यालाही एकच मार्क. म्हणजे पंप बंद असला तरी कुंड्या पुसून 90 च्या वर जाता येतं.

आम्हाला पाहिजे ते असं. आमच्या साइटशी संबंध नसलेला माणूस पाठवून पूर्ण री-ऑडिट करा, सोबत आमचा एक जण फिरेल, तारीख आधी कळवा. पंप रूम, जनरेटर, टाक्या, इलेक्ट्रिक पॅनल इथे क्यूआर कोड लावा आणि तिथे स्कॅन झाल्याशिवाय फॉर्म उघडू देऊ नका, फोटो फक्त त्याच वेळी काढलेला. प्रेशर, अवर मीटर, बॅटरी व्होल्टेज, सिलिंडरचं वजन हे आकड्यात लिहा, टिक चालणार नाही. जीवाशी संबंध असलेला एक जरी पॉइंट फेल असेल तर पूर्ण रिपोर्ट फेल धरा, मग बाकीचे मार्क कितीही असोत. आणि कुठलाही पॉइंट आमच्या सहीशिवाय क्लोज दाखवायचा नाही, दुरुस्तीची तारीख आणि करणाऱ्याचं नाव त्याच्यासमोर पाहिजे.

जॉकी पंपचं मात्र री-ऑडिटची वाट न बघता लगेच करून द्या. आणि या महिन्याच्या बिलातून ऑडिटची रक्कम काढून सुधारित बिल पाठवा, आहे त्या बिलावर असोसिएशन सही करणार नाही.

आपला,
मेंटेनन्स प्रतिनिधी,
ओनर्स असोसिएशन